सशुल्क आकाशदर्शन आणि हौशी खगोलनिरीक्षक : मूल्याच्या प्रश्नाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

पावसाळा ओसरून आकाश निवळले, की महाराष्ट्रात आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो. अमावास्येच्या आगेमागे येणारा शनिवार धरून गावाबाहेरच्या एखाद्या शेतघरी, शाळेच्या मैदानावर किंवा डोंगरपायथ्याशी मंडळी जमतात. चहा, रात्रीचे जेवण, तोंडओळखीचे व्याख्यान आणि पहाटेपर्यंत दुर्बिणीतून निरीक्षण असा साधारण क्रम असतो आणि त्यासाठी माणशी ठरावीक शुल्क आकारले जाते. अनेक महाविद्यालयांतील विज्ञान मंडळेही विद्यार्थ्यांकडून वर्गणी गोळा करून अशा सहली काढतात. या शुल्काविषयी दोन टोकाची मते नेहमी ऐकू येतात. आकाश सर्वांचे, ते पाहायला पैसे कशासाठी, असे एक मत. चित्रपटाला पैसे मोजणाऱ्यांनी विज्ञानाला मोजले तर बिघडले कुठे, असे दुसरे. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु दोन्ही मते पाहुण्या प्रेक्षकाला समोर ठेवून मांडलेली असतात. ज्याला हौशी खगोलनिरीक्षक म्हणता येईल, म्हणजे जो उपजीविकेसाठी नव्हे तर आवडीने, पण नियमितपणे व शिस्तीने आकाशाची निरीक्षणे करतो, त्याच्या दृष्टीने या शुल्काचे मोल काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने तपासण्याचा प्रयत्न केला आहे. प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक आहे, खगोलशास्त्राचा नव्हे. त्यामुळे आकाशात काय दिसते यापेक्षा पैसे कशाचे घेतले गेले व देणाऱ्याच्या पदरात काय पडले, याकडे त्याचे लक्ष अधिक आहे. आकाश दाखवून पैसे घेण्याची प्रथा नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिचे पुरावे मिळतात. मात्र शुल्काच्या बदल्यात विकली जाणारी वस्तू या काळात बदलत गेली आहे आणि मूल्याविषयीचा आजचा गोंधळ बहुतांशी या बदलाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे निर्माण झाला आहे, असे लेखकाचे मत आहे.

पेनी, डॉलर आणि नेत्रिका

व्हिक्टोरियन लंडनच्या कष्टकरी जीवनाचा शोध घेणाऱ्या हेन्री मेह्यू याने रस्त्यावर पोट भरणाऱ्यांच्या ज्या मुलाखती घेतल्या, त्यांत दुर्बीण दाखवणारा एक इसमही आहे. हा मनुष्य व्यवसायाने शिंपी. रात्री रस्त्याच्या कडेला पितळी दुर्बीण उभी करून तो एका पेनीला चंद्र किंवा ग्रह दाखवत असे. या व्यवहारात लपवाछपवी नव्हती. गिऱ्हाइकाजवळ दुर्बीण नव्हती आणि ती विकत घेण्याची ऐपतही नव्हती. पेनीच्या मोबदल्यात त्याला काही क्षणांपुरती काच मिळत होती. आकाश ढगाळ असेल त्या रात्री शिंप्याची कमाई बुडे, परंतु गिऱ्हाइकाची पेनी खिशातच राही. जोखीम दाखवणाऱ्याची होती, पाहणाऱ्याची नव्हती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याच तत्त्वाचा भव्य आविष्कार अमेरिकेतील सिनसिनाटी येथे झाला. तेथील महाविद्यालयात शिकवणारे ऑर्म्सबी मिचेल यांनी १८४२ साली खगोलशास्त्रावर सार्वजनिक व्याख्याने दिली. श्रोत्यांचा उत्साह पाहून त्यांनी शहरासाठी वेधशाळा उभारण्याचा संकल्प सोडला. सरकारी मदत नव्हती, राजाश्रयाचा प्रश्नच नव्हता. मिचेल यांनी पंचवीस डॉलरचा एक याप्रमाणे भाग काढले व ते घरोघरी, दुकानोदुकानी फिरून विकले. वकील, डॉक्टर, किराणा व्यापारी, सुतार अशा सर्व थरांतील माणसांनी ते घेतले. भागधारकाला लाभांश मिळणार नव्हता, दुर्बिणीतून आकाश पाहण्याचा हक्क मिळणार होता. मिचेल युरोपात गेले. म्युनिक येथील मेर्झ आणि माहलर यांच्या कारखान्यात त्यांना सुमारे अकरा इंच व्यासाचे भिंग मिळाले. निकोलस लाँगवर्थ या धनिकाने टेकडीवरील जमीन दिली. ९ नोव्हेंबर १८४३ रोजी माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी शहात्तराव्या वर्षी लांबचा प्रवास करून वेधशाळेची कोनशिला बसवली. १८४५ मध्ये दुर्बीण कार्यान्वित झाली.

भागधारकांच्या पंचवीस डॉलरचे चीज झाले असेच म्हणावे लागेल. ज्या सुताराने आयुष्यात कधी भिंग हाताळले नसेल, त्याला आपल्याच गावात देशातील अग्रगण्य दुर्बिणींपैकी एकीतून शनीची कडी पाहता आली. पण निरीक्षणाचे काय? मिचेल यांनी दहा वर्षे वेतन न घेता संचालकपद सांभाळण्याचे मान्य केले होते. १८४५ च्या आरंभी त्यांचे महाविद्यालय आगीत भस्मसात झाले आणि पगारही गेला. मग पोटापाण्यासाठी गावोगाव व्याख्याने आणि घरी असताना भागधारक व पाहुण्यांना आकाश दाखवणे, अशा दुहेरी कात्रीत ते सापडले. ज्या नेत्रिकेला डोळा लावून जोडताऱ्यांची मोजमापे घ्यायची, तिच्यासमोर संध्याकाळी नागरिकांची रांग उभी असे. नागरिकांचे काही चुकले नाही. तो त्यांचा हक्कच होता व त्याची किंमत त्यांनी मोजली होती. परंतु एकाच दुर्बिणीवर प्रेक्षकाचा हक्क आणि निरीक्षकाचे काम यांचा मेळ बसत नाही, ही अडचण सिनसिनाटीत पहिल्यांदा ठळकपणे समोर आली. मिचेल १८५९ मध्ये दुसऱ्या वेधशाळेकडे गेले. पुढे शहराच्या धुराने टेकडीवरचे आकाशच मलिन झाले आणि १८७३ मध्ये वेधशाळेला नवी जागा शोधावी लागली.

वाड्सो ते तळणी

पैसे मोजून केवळ पाहायचे, यापलीकडची दुसरी परंपरा ब्रिटनमध्ये आकाराला आली आणि तिचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या वऱ्हाडात घडला. तो महाराष्ट्रात फारसा कोणाला ठाऊक नसल्याने येथे काहीसा विस्ताराने मांडणे आवश्यक वाटते.

१८९० साली विल्यम मंक यांनी एका नियतकालिकास पत्र लिहून हौशी निरीक्षकांची स्वतंत्र संस्था असावी, असे सुचवले. ज्यांना रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची वर्गणी परवडत नाही, ज्यांना तेथील निबंध अवघड वाटतात, किंवा ज्या स्त्रिया असल्यामुळे तेथे प्रवेश मिळवू शकत नाहीत, अशांसाठी ही संस्था असावी, अशी त्यांची भूमिका होती. यातून त्याच वर्षी ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन स्थापन झाली. म्हणजे हौशी खगोलनिरीक्षकांच्या या पहिल्या मोठ्या संघटनेच्या जन्माशीच शुल्काचा प्रश्न जोडलेला आहे. किती पैशांत आत येता येते आणि आत आल्यावर काय करू दिले जाते, हे दोन्ही प्रश्न तेथे एकत्रच विचारले गेले.

या संस्थेने सूर्यग्रहणांसाठी सदस्यांच्या मोहिमा आखल्या. प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा. ९ ऑगस्ट १८९६ च्या खग्रास ग्रहणासाठी 'नॉर्स किंग' ही आगबोट ठरवून मंडळी नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडील वाड्सो येथे गेली. ग्रहणाच्या वेळी आकाश ढगांनी भरून गेले. इतक्या दूर जाऊन, इतका खर्च करून सूर्य दिसलाच नाही. लंडनच्या शिंप्याकडे ढगाळ रात्री पेनी वाचत होती. येथे जोखीम पूर्णपणे पैसे देणाऱ्याच्या अंगावर आली होती. तरीही अवघ्या दीड वर्षाने या संस्थेचे सदस्य पुन्हा निघाले आणि या वेळी हिंदुस्थानात आले.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणकिनाऱ्यावरून शिरून आजचा महाराष्ट्र ओलांडत ईशान्येकडे गेला. सरकारी व संस्थात्मक मोहिमांनी आपापली ठाणी मांडली. नॉर्मन लॉकयर यांची मोहीम विजयदुर्गावर उतरली. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेची मोहीम आली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे पथकही तेथेच होते. (विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला, ही आपल्याकडे वारंवार छापून येणारी समजूत येथेच बाजूला सारलेली बरी. हेलियमची वर्णरेषा लक्षात आली ती १८६८ मध्ये. त्या वर्षी लॉकयर यांनी आपले निरीक्षण इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना केले. किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या ओट्यां'चा संबंध १८९८ च्या मोहिमेशी आहे.) हौशी मंडळींचे एक पथक बिहारमधील बक्सर येथे गेले आणि दुसरे मुंबई-नागपूर लोहमार्गावरील तळणी या वऱ्हाडातील लहानशा स्थानकाजवळ उतरले.

तळणीच्या पथकात वॉल्टर माँडर, त्यांच्या पत्नी ॲनी माँडर आणि जॉन एव्हरशेड होते. ॲनी माँडर यांची कहाणी आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. ग्रीनिच वेधशाळेत त्यांनी अल्प वेतनावर गणकाचे काम केले होते. १८९५ मध्ये विवाह होताच तत्कालीन नियमानुसार त्यांना नोकरी सोडावी लागली. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांचे नाव १८९२ मध्ये सुचवले गेले, पण स्त्री म्हणून ते फेटाळले गेले. तेथे स्त्रियांना प्रवेश मिळण्यास १९१६ साल उजाडावे लागले. अशा परिस्थितीत संशोधनाचे सर्व अधिकृत दरवाजे बंद असताना, पदरमोड करून निघणारी हौशी मोहीम हा एकच दरवाजा उघडा होता. गर्टन कॉलेजच्या एका संशोधनवृत्तीतून त्यांनी अवघ्या दीड इंच व्यासाच्या भिंगाचा कॅमेरा करून घेतला होता. मोठमोठ्या सरकारी उपकरणांपुढे तो खेळण्यासारखाच. परंतु सूर्याचा करोना, म्हणजे खग्रास स्थितीतच दिसणारे त्याचे फिकट प्रभावलय, दूरपर्यंत टिपायचे तर लहान भिंग व विस्तृत दृश्यक्षेत्र अधिक उपयोगी पडेल, असा त्यांचा होरा होता. तो खरा ठरला. तळणीच्या सुमारे दोन मिनिटांच्या अंधारात त्यांनी घेतलेल्या छायाचित्रात करोनाचा एक किरण सूर्यापासून इतक्या दूरवर गेलेला दिसला, की तोवर छायाचित्रात उतरलेल्या किरणांत तो सर्वांत लांब मानला गेला.

एव्हरशेड हेही त्या वेळी हौशी निरीक्षकच. उद्योगात नोकरी करून फावल्या वेळात ते सूर्याचा वर्णपट तपासत. तळणीला त्यांनी खग्रास स्थितीच्या उंबरठ्यावर क्षणभर चमकणाऱ्या वर्णपटाची उत्तम छायाचित्रे घेतली. पुढे १९०७ मध्ये ते कोडईकनाल वेधशाळेत रुजू झाले. सौरडागांतील वायूंच्या प्रवाहाविषयीचा, आज त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा शोध त्यांनी १९०९ मध्ये तेथेच लावला आणि १९११ पासून ते त्या वेधशाळेचे संचालक झाले.

येथे एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. तेच ग्रहण तळणीच्या शेतकऱ्यांनी आपल्या बांधावर उभे राहून, एक पैही न देता पाहिले. माँडर दांपत्याने ते पाहण्यासाठी समुद्र ओलांडला. दृश्याच्या दृष्टीने पाहिले तर दोघांना मिळालेली दोन मिनिटे सारखीच होती. मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले होते व पुण्यातील रँडच्या वधाला जेमतेम सात महिने झाले होते, ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली तर या पाहुण्या साहेबमंडळींच्या मोहिमेकडे गावकऱ्यांनी कोणत्या नजरेने पाहिले असेल, याचा केवळ तर्क करता येतो. परंतु मूल्याचा प्रश्न दृश्याशी निगडित नव्हताच. ॲनी माँडर यांनी पैसे दिले ते ग्रहण पाहण्यासाठी नव्हे, ग्रहणावर काम करण्यासाठी. त्यांच्या उपकरणाला कोणी रांगेत उभे राहून हात लावणार नव्हते. कोणत्या क्षणी कोणती प्लेट उघडायची, हे त्या स्वतः ठरवणार होत्या. आणि सोबतीला आपल्याइतकेच तयारीचे निरीक्षक होते. सिनसिनाटीच्या भागधारकाला आणि तळणीच्या सदस्याला मिळालेल्या वस्तूंत हाच मूलभूत फरक आहे.

देणगी, वर्गणी आणि तिकीट

महाराष्ट्रात सिनसिनाटीची वाट अवलंबली गेली नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील वेधशाळा १८८८ च्या सुमारास उभी राहिली ती भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीवर आणि सरकारी अनुदानावर. नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये ती बंद करण्यात आली. तिची वीस इंची परावर्तक दुर्बीण कोडईकनालला, म्हणजे योगायोगाने एव्हरशेड यांच्याच हाती गेली. जी संस्था एका व्यक्तीच्या आस्थेवर व दात्याच्या औदार्यावर उभी असते, ती त्या व्यक्तीबरोबरच संपते, याचे हे उदाहरण. सामान्य मराठी वाचकासाठी त्या काळात आकाशाकडे जाण्याचा मार्ग दुर्बिणीतून नव्हे, ग्रंथातून जात होता. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी आपल्या 'ज्योतिर्विलास' या पुस्तकाला 'रात्रीची दोन घटका मौज' असे उपनाम दिले, ते या संदर्भात सूचक आहे. त्या मौजेसाठी पुस्तकाच्या किमतीपलीकडे काही मोजावे लागत नव्हते.

सभासदांच्या वर्गणीवर चालणारी हौशी संघटना पुण्यात २२ ऑगस्ट १९४४ रोजी ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या रूपाने स्थापन झाली. तिच्यापूर्वी कलकत्त्यात १९१० साली, हॅलेचा धूमकेतू येऊन गेल्यानंतर, अशी एक संस्था निघाली होती. ती फार काळ टिकली नाही. पुण्याची संस्था मात्र टिकली. मुंबईत ३ मार्च १९७७ रोजी वरळीचे नेहरू तारांगण सुरू झाले आणि तिकीट काढून आकाश पाहण्याची सवय शहरी मध्यमवर्गाला लागली. अर्थात ते आकाश घुमटाच्या आतले होते. १९८५-८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू पुन्हा आला आणि त्या उत्साहात १९८५ साली मुंबईत खगोल मंडळ स्थापन झाले. कर्जत मार्गावरील वांगणी येथे मंडळाने घेतलेल्या रात्रभराच्या कार्यक्रमांनी मुंबई-ठाण्याच्या एका पिढीला तारे ओळखायला शिकवले. शुल्क घेऊन होणाऱ्या या कार्यक्रमांचा मोबदला कोणी दुर्बिणीच्या व्यासात मोजू लागला तर त्याचा हिशोब चुकेल. तेथे येणाऱ्यांपैकी काही जण पुढच्या वर्षी स्वयंसेवक म्हणून परत येत आणि नवख्यांना मृगाचा बाण दाखवत. प्रेक्षकाचा निरीक्षक होण्याची वाट या कार्यक्रमांतून गेली, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य होय.

वर्गणी आणि तिकीट यांतील भेदही येथे स्पष्ट व्हावा. वर्गणी देणारा वर्षभराचा सभासद असतो. त्याला ग्रंथालय, सभा, दुर्बीण हाताळण्याची संधी व प्रसंगी संस्थेच्या कारभारात बोलण्याचा अधिकार मिळतो. तिकीट काढणाऱ्याचा संबंध एका रात्रीपुरता असतो. अलीकडच्या काळात पर्यटन व्यवसाय या क्षेत्रात उतरल्यापासून दुसऱ्या प्रकारचे व्यवहार वाढले आहेत. २२ जुलै २००९ चे खग्रास ग्रहण ऐन पावसाळ्यात आले तेव्हा ढगांच्या वरून ते पाहण्यासाठी भारतात खास विमान सोडण्यात आले. त्यात सूर्याच्या बाजूच्या आसनांचा दर वेगळा व चढा होता. त्याच सकाळी बिहारमधील तारेगना येथे जमलेल्या हजारो लोकांच्या डोक्यावर ढग होते. वाड्सोच्या निराशेवर विमान हा उपाय निघाला खरा, पण तो ज्याला परवडेल त्याच्यासाठी.

दुर्बीण स्वस्त, अंधार महाग

मूल्याच्या प्रश्नाला निर्णायक वळण देणाऱ्या दोन घटना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडल्या. पहिली घटना दुर्बिणीसंबंधी. जॉन डॉब्सन हे वेदान्त सोसायटीच्या मठात साधू म्हणून राहिलेले गृहस्थ १९६७ मध्ये मठाबाहेर पडले आणि १९६८ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना विनामूल्य आकाश दाखवू लागले. पुठ्ठ्याची नळी, प्लायवुडची बैठक आणि हाताने घासलेला आरसा अशी त्यांची दुर्बीण कोणालाही घरी करता येण्याजोगी होती. लंडनच्या शिंप्याची पेनी या मनुष्याने जणू परत केली. आज जगभर 'डॉब्सोनियन' या नावाने विकल्या जाणाऱ्या दुर्बिणी त्याच बैठकीवर उभ्या आहेत. आपल्याकडे पुण्याच्या आयुकाने आरसा घासून दुर्बीण तयार करण्याच्या कार्यशाळा घेतल्या. त्यातून घरी परतणाऱ्याच्या हाती स्वतःची दुर्बीण असे. परिणामी आजच्या हौशी निरीक्षकापाशी सहा किंवा आठ इंची दुर्बीण असणे ही अपूर्वाई राहिलेली नाही. शिंपी आणि मिचेल जी वस्तू विकत होते, ती त्याच्या घरातच आहे.

दुसरी घटना अंधारासंबंधी. जो अंधार १८९८ मध्ये तळणीच्या प्रत्येक रात्री फुकट होता, तो आता शहरातील माणसाला शोधत जावे लागते. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये रात्रीच्या आकाशाच्या काळोखाचे नऊ वर्ग पाडणारी श्रेणी मांडली, हेच मुळी अंधार दुर्मिळ झाल्याचे लक्षण होय. मोजपट्टी तयार होते ती वस्तू कमी पडू लागल्यावर. शहरातील गच्चीवरून चंद्र, गुरू, शनी व काही जोडतारे चांगले दिसतात. परंतु देवयानी दीर्घिका किंवा तारकागुच्छांचे फिके धुके दिव्यांच्या उजेडात विरून जाते आणि दुर्बिणीचा आरसा मोठा केला तरी पार्श्वभूमीचा उजेडही त्याच प्रमाणात वाढतो. तेव्हा हौशी निरीक्षक आज शुल्क देतो ते वास्तविक दुर्बिणीचे नव्हे, अंधाराचे.

हे लक्षात घेतले म्हणजे बहुसंख्य सार्वजनिक कार्यक्रम त्याच्या दृष्टीने कमी मोलाचे का ठरतात, हे कळते. साधा हिशोब करून पाहू. समजा कार्यक्रमाला ऐंशी माणसे आली, दोन चांगल्या दुर्बिणी आहेत आणि व्याख्यान-जेवण वगळता निरीक्षणाला चार तास मिळाले. दोन्ही दुर्बिणी धरून चारशे ऐंशी मिनिटे होतात, म्हणजे माणशी रात्रभरात सहा मिनिटे. त्यात आठ वस्तू दाखवायच्या तर प्रत्येकीला पाऊण मिनिट, आणि त्यातच मागच्याने पुढे येणे, चष्मा काढणे, नेत्रिका स्वच्छ दिसेपर्यंत फिरवणे. पहिल्यांदा शनी पाहणाऱ्याला पाऊण मिनिट पुरते. ते जन्मभर लक्षात राहते. पण फिक्या दीर्घिकेचा आकार उमगायला नजर किंचित तिरपी ठेवून काही मिनिटे शांत बसावे लागते. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय होण्यास सुमारे अर्धा तास लागतो आणि ती सवय मोडायला कोणाच्या तरी मोबाइलचा एक झोत पुरतो. ज्या अंधारासाठी पैसे दिले, तोच अंधार गर्दीमुळे हातचा जातो. सिनसिनाटीची अडचण वेगळ्या वेशात परत येते ती अशी.

यावरून सशुल्क कार्यक्रम हौशी निरीक्षकाला निरुपयोगी आहेत, असा अर्थ काढणे मात्र घाईचे होईल. मार्चच्या उत्तरार्धातील अमावास्येला मेसिए मॅरेथॉन होते. चार्ल्स मेसिएच्या यादीतील ११० वस्तू एका रात्रीत शोधण्याच्या या उपक्रमात प्रत्येक जण आपली दुर्बीण घेऊन येतो, आपली नोंदवही भरतो आणि पहाटे तिसऱ्या प्रहरी शेजाऱ्याला हाक मारून अडलेली वस्तू विचारतो. जागा, पाणी, सुरक्षितता आणि दिवे न लावण्याची शिस्त एवढ्यासाठी शुल्क असेल, तर ते स्वस्तच म्हटले पाहिजे. विशेषतः स्त्री निरीक्षकांच्या बाबतीत ही गोष्ट महत्त्वाची आहे. निर्जन माळरानावर एकटीने रात्र काढणे आजही सुकर नाही. ॲनी माँडर यांच्या काळी संस्थेच्या नियमांनी जे अडवले होते, ते आज असुरक्षिततेने अडते, आणि संघटित कार्यक्रमाचे शुल्क त्या अडथळ्याचे मोल चुकवते. आपल्या विद्यार्थिनींना घेऊन जाणाऱ्या प्राध्यापकांना हा मुद्दा अधिक विशद करून सांगण्याची गरज नाही.

ढगांचा धोका कोणी सोसायचा, हा प्रश्न अद्यापि अनुत्तरित आहे. बहुतेक ठिकाणी आगाऊ घेतलेले शुल्क ढगाळ रात्रीही परत मिळत नाही, आणि जेवण-मुक्कामाचा खर्च झालेला असतो हे आयोजकांचे म्हणणे खोटे नसते. पण मग त्या रात्री काय शिकवले जाणार, याची तयारीही आयोजकांकडे हवी. वाड्सोहून रिकाम्या हाताने परतलेले हौशी निरीक्षक दीड वर्षात पुन्हा निघाले, कारण मोहिमेची आखणी त्यांची स्वतःची होती. ते कोणाचे गिऱ्हाईक नव्हते.

आता अंधार हीच विक्रेय वस्तू झाल्यावर तिचे राखणदार कोण आणि मोबदला कोणाला, हा प्रश्न उभा राहतो. लडाखमधील हानले येथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या वेधशाळेभोवतीचा प्रदेश २०२२ मध्ये अंधार-राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. तेथील गावकऱ्यांना प्रशिक्षण व दुर्बिणी देण्यात आल्या असून येणाऱ्या पर्यटकांना आकाश दाखवून ते उत्पन्न मिळवतात. २०२३ पासून देशभरातील हौशी निरीक्षकांसाठी तेथे वेगळा मेळावाही भरवण्यात आला, म्हणजे पाहुण्यांची रात्र व निरीक्षकांची रात्र वेगळी ठेवण्यात आली. मिचेल यांना जे साधले नाही, त्याची ही व्यवस्था म्हणता येईल. महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी आदी गावांतील रस्त्यांचे दिवे बदलून उजेड केवळ खाली पडेल असे झाकलेले दिवे बसवण्यात आले. तळणीहून हे ठिकाण फार दूर नाही. आकाशदर्शनाच्या शुल्काची पावती हाती घेताना हौशी निरीक्षकाने दुर्बिणीचा व्यास विचारण्याआधी, त्यातला किती भाग अशा दिव्यांवर आणि ते सांभाळणाऱ्या गावावर खर्च होतो, हे विचारावयास हवे.